लघु सल्ला व्यवसायाची कायदेशीर व व्यावहारिक पायाभरणी : नामपूर परिसरातील डाळिंब सल्लासेवेच्या संदर्भात

बीजशब्द : सल्ला व्यवसाय, कृषी पदवीधर, व्यवसाय कर, करारपत्र, व्यावसायिक उत्तरदायित्व

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या खोऱ्यात वसलेले नामपूर हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे मोठे गाव होय. कांद्याबरोबरच या परिसरातील शेतीचे अर्थकारण दीर्घकाळ डाळिंबावर उभे राहिले आहे. कमी पाण्यावर येणारे आणि चांगला पैसा देणारे पीक म्हणून डाळिंबाचा विस्तार झाला. तथापि या शतकाच्या पहिल्या दशकात 'तेल्या' या जिवाणूजन्य करपा रोगाने आणि त्यानंतर मर रोगाने अनेक बागा काढून टाकण्याची वेळ आणली. या संकटातून बागेतील ज्ञानाला स्वतंत्र मूल्य प्राप्त झाले. ताण केव्हा द्यावा, पानगळ केव्हा करावी, कोणती फवारणी टाळावी या प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस बागायतदारास आवश्यक वाटू लागला. कृषी पदवी वा पदविका घेतलेल्या ग्रामीण तरुणांसाठी हे स्वयंरोजगाराचे एक क्षेत्र ठरते.

मात्र असा तरुण व्यवसाय सुरू करतो तो बहुधा मोटारसायकल, भ्रमणध्वनी आणि ओळखी यांच्या बळावर. व्यवसायाचे नाव काय, पैसे कोणत्या खात्यात येणार, सल्ला चुकला तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न पहिली अडचण येईपर्यंत विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात नामपूरसारख्या ठिकाणी एकट्याने सुरू करावयाच्या सल्ला व्यवसायास कोणता कायदेशीर पाया लागतो व तो कोणत्या क्रमाने घालावा याचे विवेचन केले आहे.

सल्लागार कोणास म्हणावे?

वकील, सनदी लेखापाल किंवा वैद्यकीय व्यावसायिक यांना आपापल्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. कृषी सल्लागारासाठी अशी नोंदणी परिषद नाही. त्यामुळे प्रवेश सोपा आहे, आणि याच कारणाने विश्वासार्हता सिद्ध करण्याचा भार सर्वस्वी सल्लागारावर येतो. केंद्र शासनाने २००२ मध्ये सुरू केलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेचा या दृष्टीने उपयोग होतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था अर्थात 'मॅनेज'मार्फत या योजनेखाली निवासी प्रशिक्षण दिले जाते व त्यानंतरच्या बँक कर्जास नाबार्डमार्फत अनुदानाची जोड मिळते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सल्ला देणे आणि औषध विकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीटकनाशकांच्या विक्रीस कीटकनाशक कायदा १९६८ अन्वये परवाना लागतो, तर खतांसाठी खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो. निव्वळ सल्ला देणाऱ्यास यांपैकी कोणताही परवाना लागत नाही. परंतु 'शेतकऱ्याची सोय' म्हणून गाडीच्या डिकीतून चार बाटल्या पोहोचविणारा सल्लागार नकळत विनापरवाना विक्रेता ठरू शकतो. ग्रामीण भागात सल्ला विनामूल्य आणि औषध सशुल्क अशी रीत रुळलेली आहे. कृषी सेवा केंद्रातील सल्ला वाईटच असतो असे नाही. पण ज्याचा नफा बाटलीत आहे त्याच्याकडून 'या आठवड्यात फवारू नका' हे वाक्य ऐकावयास मिळणे कठीण. स्वतंत्र सल्लागार नेमके हेच वाक्य विकत असतो. म्हणून त्याने कंपनीकडून वा दुकानदाराकडून कमिशन घेऊ नये, आणि घेत असल्यास ते शेतकऱ्यापासून लपवू नये.

व्यवसायाचे स्वरूप

एकल मालकी, भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी आणि एक व्यक्ती कंपनी असे चार मार्ग उपलब्ध आहेत. सुरुवातीस एकल मालकी हाच बहुतेकांसाठी योग्य पर्याय होय. त्यासाठी वेगळ्या संस्थेची स्थापना करावी लागत नाही व मालकाचा पॅन क्रमांक हाच व्यवसायाचा क्रमांक असतो. उणीव अशी की व्यवसायाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे ठरते.

दोन मित्रांनी मिळून काम सुरू करण्याचे प्रकार पुष्कळ आढळतात. त्यांनी भारतीय भागीदारी कायदा १९३२ चे कलम ६९ अवश्य वाचावे. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेस करारातून उद्भवलेल्या येणे रकमेसाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. मैत्रीच्या भरात न केलेली ही नोंदणी शुल्क थकल्यावर आठवते. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत वैयक्तिक मालमत्तेस संरक्षण मिळते. परंतु उलाढाल असो वा नसो, वार्षिक विवरणे भरावीच लागतात. एकमेकांच्या बांधावर फिरणाऱ्या दोघांसाठी हा भार पहिल्या वर्षी अनाठायी वाटतो.

नोंदणीचा क्रम

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ हा संपूर्ण राज्यास लागू असून नामपूरसारख्या ग्रामपंचायत क्षेत्राचाही त्यात समावेश होतो. या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना देण्याची मुभा दिली. ही मर्यादा वीसपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. एकट्या सल्लागारास सूचनेची पावती पुरेशी असते. लोकभाषेत तिलाच 'शॉप ॲक्ट' म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक आहे.

यानंतर उद्यम नोंदणी करावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर, ऑनलाइन व पूर्णतः विनामूल्य होते. तिच्यासाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे शासकीय नव्हेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसरी पायरी व्यवसाय कराची, आणि ती सर्वाधिक विसरली जाते. महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा १९७५ चा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस निधी मिळावा म्हणून हा कर बसविण्यात आला. 'व्यवसाय कर नोकरदारांच्या पगारातून कापतात' एवढीच सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात स्वयंरोजगार करणाऱ्या तांत्रिक सल्लागारासही नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. २,५०० ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मधील कमाल मर्यादा आहे. टाळाटाळ केल्यास मागील वर्षांची रक्कम व्याजासह भरावी लागते.

वरील क्रमास व्यावहारिक कारण आहे. व्यवसायाच्या नावे चालू खाते उघडताना रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक ओळख निर्देशांनुसार बँक सामान्यतः त्या नावाचे दोन पुरावे मागते. सूचनेची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र यांनी ही गरज भागते. म्हणून दोन्हींवर व्यवसायाचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. एका ठिकाणी 'ॲग्रो' आणि दुसऱ्या ठिकाणी 'कृषी' असे लिहिल्यास बँकेच्या खिडकीवरून परत यावे लागते.

कार्यालय घरातच असल्यास ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. बाजारपेठेत गाळा घेतल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो.

कर : एक घातक गैरसमज

शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतीविषयक सल्ल्याचे शुल्कही करमुक्त, असा समज सल्लागारांमध्ये आढळतो. तो चुकीचा आहे. जमिनीतून, शेतीच्या क्रियेतून मिळालेले उत्पन्न शेती उत्पन्न ठरते. दुसऱ्याच्या शेतीबद्दल दिलेल्या सल्ल्याचे शुल्क हे व्यवसायाचे उत्पन्न होय. स्वतःची बाग असलेल्या सल्लागाराने ही दोन उत्पन्ने एकाच बचत खात्यात मिसळल्यास पुढे त्यांची फोड करणे त्यालाच अवघड जाते.

दिलासा असा की लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित कर आकारणीची सोय आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४ एडीए म्हणून आलेली ही तरतूद २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही वेगळ्या क्रमांकाने कायम आहे. तीनुसार तांत्रिक सल्ल्यासह विनिर्दिष्ट व्यवसायांची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असल्यास तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते व सविस्तर हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. उदाहरणादाखल, ६० एकरांसाठी एकरी ५,००० रुपये शुल्क घेतल्यास जमा ३ लाख रुपये आणि अनुमानित उत्पन्न दीड लाख रुपये होते. एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. तरीही विवरणपत्र भरावे; पुढे वाहन वा व्यवसाय कर्ज मागताना बँक प्रथम तेच पाहते.

वस्तू व सेवा कराबाबतही स्पष्टता हवी. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे. शिवाय शेतकऱ्यांना शिक्षण वा प्रशिक्षणाद्वारे शास्त्रीय ज्ञान पोहोचविणारी कृषी विस्तार सेवा २०१७ च्या अधिसूचनेने करमुक्त ठेवली आहे. मात्र तोच सल्लागार एखाद्या औषध कंपनीसाठी चाचणी प्रक्षेत्रांचे अहवाल लिहू लागला तर ती सेवा विस्तार सेवा राहत नाही. कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातून उद्गम कर कपात होते, हेही ध्यानात ठेवावे.

करारपत्र व उत्तरदायित्व

सर्व नोंदण्या पूर्ण असूनही व्यवसाय कोसळतो तो बहुधा येथे. भारतीय करार कायदा १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो. पण तो सिद्ध करावा लागतो. बांधावर झालेले बोलणे दोघांना दोन तऱ्हांनी आठवते. बाग साधली तर श्रेय पावसाला आणि बिघडली तर दोष सल्लागाराला, हा अनुभव नवा नाही.

यास्तव एक पानी, सोप्या मराठीतील करारपत्र प्रत्येक बहारास करावे. त्यात गट क्रमांक, झाडांची संख्या, वाण, बहार, भेटींची संख्या, शुल्क व हप्ते यांची नोंद हवी. सल्ला म्हणजे उत्पन्नाची हमी नव्हे, तसेच गारपीट, अवकाळी पाऊस व बाजारभाव यांची जबाबदारी सल्लागारावर नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. दुसऱ्या बाजूने, शेतकऱ्याने फवारणीची नोंदवही ठेवावी आणि सुचविलेल्या वेळापत्रकात — ज्याला बागायतदार 'शेड्यूल' म्हणतात — परस्पर बदल केल्यास कळवावे, ही अटही असावी.

तथापि असा मजकूर सल्लागारास सर्व दायित्वातून मुक्त करत नाही, व करूही नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो वाद बियाण्याचा होता. शुल्क घेऊन दिलेला सल्ला हीही सेवाच असल्याने तिच्या बाबतीत वेगळा न्याय मिळेल असे समजण्यास आधार दिसत नाही. निर्यातीच्या बागेत ही जोखीम वाढते. लेबल क्लेम नसलेले औषध सुचविले, किंवा फवारणी व तोडणी यांमधील प्रतीक्षा काळ चुकला, तर फळात अवशेष सापडून संपूर्ण माल नाकारला जाऊ शकतो. प्रत्येक शिफारस तारीख, औषधाचा घटक, मात्रा व प्रतीक्षा काळ यांसह लेखी द्यावी आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी. भ्रमणध्वनीवरील तोंडी सूचना त्याच दिवशी संदेशाने पक्की करावी. वादाच्या वेळी ही वहीच सल्लागाराची साक्षीदार असते. व्यावसायिक दायित्व विमा उपलब्ध आहे. क्षेत्र वाढल्यावर त्याचा विचार करावा.

शुल्काची वसुली

शुल्क किती यापेक्षा ते केव्हा, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. बागायतदाराच्या हातात पैसा तोडणीनंतर येतो. सल्लागाराचा पेट्रोलचा खर्च मात्र ताण तोडल्याच्या दिवसापासून सुरू होतो. मृग बहार जून-जुलैत धरला तर माल निघेपर्यंत वर्षअखेर उजाडते. संपूर्ण शुल्क शेवटी घेण्याचे कबूल करणारा सल्लागार वस्तुतः शेतकऱ्यास बिनव्याजी कर्ज देत असतो. पहिला हप्ता पानगळीपूर्वी, दुसरा फळधारणेनंतर आणि उरलेला तोडणीनंतर, अशी विभागणी दोघांनाही झेपणारी वाटते. उत्पन्नाच्या टक्केवारीवर शुल्क ठरविण्याचा मोह टाळावा. त्यातून मालाच्या वजनाचा व भावाचा हिशेब सल्लागाराच्या गळ्यात पडतो आणि जास्त फळ धरण्याकडे त्याचा कल झुकतो, जे झाडाच्या हिताचे नसते.

थकबाकीसाठी मुदत कायदा १९६३ नुसार तीन वर्षांत दिवाणी दावा लावता येतो. काही हजारांच्या रकमेसाठी सटाण्याच्या न्यायालयात खेटे घालणे गावातील संबंधांस परवडणारे नसते, हे मान्य करावे लागते. परंतु येणे एखाद्या खासगी कंपनीकडून वा शेतकरी उत्पादक कंपनीकडून असेल तर उद्यम नोंदणी कामी येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ अन्वये अशा ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम दिली पाहिजे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आकारता येते व सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी सेवा देण्यापूर्वीची असावी. थकबाकी झाल्यानंतर केलेली नोंदणी जुन्या येण्यास लागू पडत नाही.