खंडेनवमी आणि पिंगुळीची पोथी

नवरात्राचे आठ दिवस घरातील सर्वांचे लक्ष देवघराकडे असते. घटाजवळ नंदादीप तेवत असतो, पत्रावळीवरील मातीत पेरलेले धान्य वीतभर वाढून पिवळसर दिसू लागते, माळांवर माळा चढत जातात. नवव्या दिवशी मात्र देवघराचा उंबरा जणू रुंदावतो. तो दिवस खंडेनवमीचा. क्षत्रियाच्या घरी तलवार निघते, सुताराच्या घरी वाकस आणि रंधा, लोहाराच्या घरी ऐरण व घण, शिंप्याच्या घरी कात्री. ज्या वस्तूने वर्षभर घराला अन्न दिले, ती त्या दिवशी पुसून पाटावर मांडावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचे, झेंडूचे फूल वाहावयाचे. दुसऱ्या दिवशी मुले पाटीवर सरस्वती काढतात आणि वह्या-पुस्तके तिच्यापुढे ठेवतात. हा कुलाचार वाचकांस नव्याने सांगावयास नको.

परंतु ज्यांचे हत्यारच पोथी आहे, आणि जिच्यातील सरस्वती पाटीवरील नव्हे, कागदावर रंगविलेली आहे, अशी काही घरे आपल्याच कोकणात आहेत, हे किती जणांस ठाऊक असेल? सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीक पिंगुळी नावाचे गाव आहे. भाविकांस ते संत राऊळ महाराजांच्या मठामुळे परिचित आहे. मठाच्या दर्शनास जाणारी मंडळी दर्शन आटोपून परत फिरतात. त्याच गावात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, गुढीपूर नावाची वस्ती आहे. तेथे ठाकर समाजाची घरे आहेत. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळबैल, राधानृत्य अशा कितीतरी कला या एका लहानशा समाजाने पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या. गतवर्षी नवरात्राच्या दिवसांत आम्ही तेथे जाऊन आलो, आणि तेव्हापासून या विषयावर लिहावे असे मनात होते.

चित्रकथी म्हणजे नावाप्रमाणेच चित्र दाखवून कथा सांगणारा. त्याची पोथी आपल्या पोथीसारखी अक्षरांची नसते. साधारण हातभर रुंदीच्या कागदांवर एकेक प्रसंग रंगविलेला असतो, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. एक प्रसंग सांगून झाला की पान उलटावे, दुसरा प्रसंग तयार. अशा पानांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी, आणि एक पोथी म्हणजे एक आख्यान. मुख्य कथेकरी वीणा घेऊन बसतो, एक साथीदार हुडुक वाजवतो, दुसरा टाळ धरतो. समोर लाकडी फळीला टेकवून चित्र उभे केले जाते. आधी गणपतीचे चित्र, नंतर सरस्वतीचे, आणि मग आख्यानास आरंभ. थोडे गायन, थोडे निरूपण, मध्येच पात्राच्या तोंडचे संभाषण. कथेकऱ्याचे बोट चित्रावरून फिरत असते आणि श्रोत्यांची दृष्टी त्या बोटामागून.

चित्रांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणसे बहुधा एका बाजूने काढलेली, डोळे मात्र टपोरे आणि पूर्ण. तांबडा, हिरवा, पिवळा असे भरगच्च रंग, आणि कडेने ठसठशीत काळी रेघ. रथाचे घोडे धावताना दिसतात, राक्षसांच्या मिशा दिसतात. खोली, छायाप्रकाश, अंतर यांचा विचार चित्रकाराने केलेला नाही, कारण त्याची त्याला गरजच नव्हती. समईच्या उजेडात, देवळाच्या सभामंडपात, चार ओळी मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही राम कोणता आणि रावण कोणता हे कळले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू. तो हेतू या चित्रांइतका साधलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला आहे.

आम्ही ऐकले ते आख्यान अहिरावण-महिरावणाचे. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही, पण श्रीधरस्वामींचा रामविजय ज्या घरांतून वाचला जातो तेथे ती सर्वांना माहीत आहे. पाताळातील हे दोघे राक्षस राम-लक्ष्मणांस निद्रित असता उचलून नेतात आणि देवीपुढे त्यांचा बळी देण्याचा घाट घालतात. हनुमंत शोध घेत तेथे पोहोचतो आणि देवीच्या जागी स्वतःच जाऊन बसतो. नैवेद्य येतो तो सारा फस्त होतो, आणि राक्षसांना वाटते, देवी आज विशेष प्रसन्न झाली! या प्रसंगाचे चित्र फळीवर आले तेव्हा पुढे बसलेली मुले खदखदून हसली, आणि आम्हीही हसलो. देवीच्या उत्सवात देवीच्या देवळातील ही कथा निवडण्यात कथेकऱ्याचे औचित्यही होते. रामकथा ही एकाच ग्रंथात बांधलेली नाही, ती ज्या ज्या गावात गेली तेथले पाणी प्यायली, हे असे ऐकताना जितके पटते तितके वाचून पटत नाही.

ही परंपरा किती जुनी? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. बाहुल्यांचे तर ज्ञानेश्वरीतही दाखले सापडतात. सूत्र हलले की साईखडे हलते, आणि हलविणारा मात्र दिसत नाही, हा दृष्टांत आपल्या संतांना फार प्रिय. आम्ही पिंगुळीस कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या कलाकाराच्या बोटांवर ताणलेल्या पाहिल्या, तेव्हा त्या दृष्टान्तातील नेमकेपणा प्रथमच ध्यानात आला. अध्यात्माच्या ग्रंथांतील किती उपमा अशा कारागिरांच्या अंगणातून आल्या असतील! ती अंगणे ओस पडली, तर त्या उपमा पुढच्या पिढीला केवळ टीपा वाचून समजून घ्याव्या लागतील.

सावंतवाडी संस्थानच्या काळात या कलावंतांना राजाश्रय होता. कोणत्या घराण्याने कोणत्या गावच्या देवळात कथा सांगावयाची हे ठरलेले असे, आणि तो केवळ रोजगार नव्हता, तो मान होता. देवळातील गुरवाचा मान, वाजंत्र्यांचा मान, तसा हाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे गावोगावी सिनेमाचे तंबू आले, त्यानंतर दूरदर्शन आले. दूरदर्शनवर रामायण लागले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते निर्मनुष्य होत, हे आमच्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. त्या पडद्यापुढे फळीला टेकविलेल्या कागदाचा काय निभाव लागणार? पोथ्या माळ्यावर गेल्या. पावसाळी हवा, वाळवी आणि दारिद्र्य या तिघांनी मिळून त्यांची वासलात लावली. काही पोथ्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी मिळेल त्या भावाने नेल्या.

सुदैवाने काही ठिकाणी त्या जपल्याही गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या जातीची चित्रे आहेत, आणि पैठणच्या परिसराशी संबंध जोडला गेल्याने अभ्यासकांत ती ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जातात. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ साली ‘चित्रकथी’ याच नावाने एक माहितीपट केला. व्हॅलेंटिना स्टाख-रोझेन या जर्मन विदुषीचा पिंगुळीच्या चित्रकथनावरील अभ्यासलेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरातील ठेव्याची किंमत परक्याने सांगावी आणि मग आपण माळ्यावर चढावे, हा अनुभव नवा नाही. तरीही त्या अभ्यासकांचे ऋण मान्य करावयास हवे.

गुढीपूरच्या परशुराम गंगावणे यांनी मात्र माळा सोडला नव्हता. घरच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असे त्याचे नाव. गुरे बांधण्याच्या जागी बाहुल्या टांगल्या, पोथ्या मांडल्या, आणि पुढील पिढीला वीणा व हुडुक हाती धरावयास शिकविले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्या दिवशी कोकणातल्या किती घरांनी प्रथमच चित्रकथी हा शब्द ऐकला असेल, याचा विचार करून आम्हांस आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली. देवळात कथा होत तेव्हा आमचीच वडीलधारी मंडळी तेथे जाऊन बसत, आणि आम्ही मात्र वर्तमानपत्रातून ती ओळख करून घेतली.

आता थोडे कटू वाटेल असे लिहितो. आज या चित्रांना मागणी नाही असे नाही. चौकटीत बसविलेली चित्रे शहरातील दिवाणखान्यात लागतात, तीच नक्षी कापडावर आणि भेटवस्तूंवर उतरते. कलावंताच्या घरी चार पैसे जातात, त्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. उलट, खरेदी करणाऱ्यांनी घासाघीस न करता ते घ्यावे. परंतु भिंतीवरील चित्र गप्प असते. त्याच्या मागचे पान उलटत नाही. हनुमंत देवीच्या जागी का बसला आहे हे त्या घरातील मुलास कोणी सांगत नाही, कारण ते सांगणाऱ्याच्याही ध्यानी नसते. चित्र रंगविणारे हात तयार करण्यास काही महिने पुरत असतील. आख्यान मुखोद्गत असणारा, प्रसंग पाहून ते लांबविणारा वा आवरणारा कथेकरी तयार होण्यास बापाच्या शेजारी बसून टाळ धरण्यात अर्धे बालपण घालवावे लागते. विक्री चित्राची होते, कथेची होत नाही. त्यामुळे चित्र उरेल आणि चित्रकथी जाईल, ही भीती आम्हांस अनाठायी वाटत नाही.

एका मोठ्या शहरातील उत्सव मंडळाने अशा कलावंतांना बोलाविले होते, तेथे आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. दहा मिनिटे वेळ दिलेला. गणपती आणि सरस्वती यांचे स्तवन होते न होते तोच निवेदकाने आभार मानले आणि वाद्यवृंदाची घोषणा केली. कथेकऱ्याने काहीही न बोलता पोथी फडक्यात बांधली. कोणी अपमान केला असे म्हणता येणार नाही. हार घातला होता, शालही दिली होती. फक्त कथा ऐकली नव्हती.

पिंगुळीहून सावंतवाडी जवळच असल्याने आम्ही तेथेही डोकावलो. राजवाड्यात गंजिफा रंगविणारे कारागीर आजही बैठक मारून काम करताना दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ मूळचा इराणी वळणाचा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनला गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे आल्यावर त्यात दशावतार विराजमान झाले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, असा १२० पानांचा संच. दिवसा खेळावयास बसले तर उतारी रामाची, रात्री बसले तर कृष्णाची! पत्त्यांच्या खेळातही नामस्मरण घडावे ही युक्ती ज्याला सुचली त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते आणि त्यांच्यामागे शिकणारे कोणी उरले नव्हते. त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. आश्रय देणाऱ्याने आधी शिष्य व्हावे, असे उदाहरण आम्हांस दुसरे चटकन आठवत नाही.

राजांचे दिवस गेले, आणि ते परत यावेत अशी कोणाची इच्छाही नाही. पण राजाने केले ते एखादे घर, एखादी गृहनिर्माण संस्था, एखादे देवस्थान करू शकते की नाही? नवरात्रात आपल्या संस्थेत मांडव पडतो, ध्वनिक्षेपक येतो, बक्षिसे वाटली जातात. त्यातील एक रात्र पूर्ण आख्यानासाठी राखावी, असे आम्ही आमच्या शेजाऱ्यांना सुचवून पाहिले. अट एकच घातली: दहा मिनिटांची नव्हे, पूर्ण रात्रीची बिदागी द्यावयाची आणि पूर्ण आख्यान ऐकावयाचे. प्रथम बरीच कुरकुर झाली. मुले बसणार नाहीत, असे मुलांच्या वतीने मोठ्यांनीच ठरवून टाकले होते.

गतवर्षीच्या अष्टमीस तो योग आला. अंगणात सतरंज्या अंथरल्या, मोठे दिवे मालवून फळीजवळ दोन समया ठेवल्या. कथेकरी साठीच्या घरातले, हुडुकावर त्यांचा मुलगा, आणि टाळ धरावयास दहा-बारा वर्षांचा नातू. आरंभी काही मंडळी घड्याळाकडे पाहत होती, काही उठूनही गेली. इंद्रजिताच्या वधाचे आख्यान होते. नागपाशाचे चित्र लागले, राम-लक्ष्मण निश्चेष्ट पडलेले दिसले, तेव्हा अंगणात टाळेखेरीज आवाज नव्हता. मध्यरात्र उलटून गेल्यावर पोथी संपली. सुवासिनींनी पोथीस हळदकुंकू वाहिले. कथेकऱ्यांनी पाने एकेक करून जुळविली, वर पुन्हा गणपतीचे पान ठेवले आणि गठ्ठा तांबड्या फडक्यात बांधला. आमच्या शेजारची एक लहान मुलगी तोवर जागीच होती. तिने त्या नातवाला विचारले, “उद्या पुढचं सांगणार ना?”

त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, “बोलावलंत तर येऊ, बाय. पोथ्या अजून आहेत.”