नवी पिकअप गाडी : कारखान्याचे बोलावणे व हौद्याचे अस्तर

पुणे शहराच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विजेच्या मोटारी, स्टार्टर, केबल व तत्सम साहित्याची बाजारपेठ म्हणून जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुरंदर, खेड, जुन्नर, शिरूर आदी तालुक्यांतील जो शेतकरी स्वतःच्या पिकअप गाडीतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल आणतो, तो मालाची विक्री झाल्यावर पुष्कळदा या पेठेकडे वळतो. येताना ज्या हौद्यात अंजिराच्या पेट्या किंवा टोमॅटोची क्रेट असतात, त्याच हौद्यात जाताना लोखंडी पंप, केबलची भेंडोळी आणि वाटेत घेतलेली खताची पोती असतात. सकाळचा माल नाजूक, परतीचा माल जड व अणकुचीदार. रस्ता प्रथम घाटाचा, मग पेठेतील अरुंद गल्ल्यांचा. अशा दुहेरी राबणुकीत गाडी टिकवावयाची, तर नव्या मालकाने दोन बाबींकडे आरंभीच लक्ष देणे अगत्याचे आहे. पहिली बाब म्हणजे कारखान्याकडून दोषनिवारणासाठी येणारे बोलावणे, आणि दुसरी म्हणजे हौद्याला घालावयाचे अस्तर.

कारखान्याचे बोलावणे म्हणजे काय?

एखाद्या ठराविक काळात तयार झालेल्या गाड्यांमध्ये विशिष्ट भाग सदोष बसविला गेला असल्याचे कारखान्याच्या ध्यानात आले, म्हणजे त्या काळातील सर्व गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या जातात. यालाच व्यवहारात 'रिकॉल' असे म्हणतात. बोलावणे आले म्हणजे आपली गाडी बिघडलेलीच आहे, असे नव्हे. पुष्कळ गाड्या तपासणीअंती निर्दोष ठरतात. परंतु आपली गाडी त्यांपैकी आहे किंवा नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही.

मालवाहू गाड्यांच्या बाबतीत असे प्रसंग अलीकडे अनेकदा घडले आहेत. 2021 साली महिंद्र कंपनीने जानेवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात तयार झालेल्या 29,878 पिकअप गाड्या बोलाविल्या. द्रव वाहून नेणाऱ्या एका नळीची जोडणी काही गाड्यांत सदोष असावी, अशी शंका त्यास कारण झाली होती. 2022 साली मारुती सुझुकी कंपनीने आपल्या सुपर कॅरी या लहान मालवाहू गाडीच्या 5,002 नगांना बोलाविले. चालकाशेजारील आसनाच्या सुरक्षापट्ट्याचा आधार ज्या बोल्टाने आवळलेला असतो, त्याची आवळणी तपासावयाची होती. नळी आणि बोल्ट या दिसावयास क्षुल्लक वस्तू आहेत. तथापि दिवे घाटाच्या उतारावर भरलेली गाडी असताना नळी निसटली, किंवा अपघाताच्या क्षणी पट्ट्याचा आधार सुटला, तर प्रसंग प्राणावर बेततो. दोष लहान आहे म्हणून बोलावण्याकडे काणाडोळा करणे यास्तव सर्वथा अनुचित होय.

कायद्याची तरतूद

भारतात जुलै 2012 पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची संहिता अमलात आणली. तोपर्यंत गाडी बोलाविणे सर्वस्वी कारखानदाराच्या मर्जीवर होते. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम 110 अ समाविष्ट झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक अथवा पर्यावरण यांना अपाय होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनात असेल, तर ती वाहने परत घेण्याचा आदेश केंद्र सरकार कारखानदारास या कलमान्वये देऊ शकते. त्याविषयीचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ते 7 वर्षांहून कमी वयाच्या वाहनांस लागू आहेत. सक्तीने गाड्या परत घ्यावयास लावल्यास वाहनाचा प्रकार व संख्या पाहून 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कारखानदाराने दोष स्वतः होऊन कळविला व गाड्या बोलाविल्या, तर मात्र त्यास हा दंड होत नाही.

या तरतुदीत मालकाच्या तक्रारीस विशेष महत्त्व आहे. ठराविक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार नोंदविली, म्हणजे चौकशीस आरंभ होतो. तक्रार नोंदविण्याची सोय केंद्र सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर आहे. चहाच्या टपरीवर दहा मालकांनी एकाच दोषाची चर्चा केली, तर तिची नोंद कोठेही होत नाही. त्याच दहा मालकांनी आपापली तक्रार लेखी नोंदविली, तर ती हिशेबात धरली जाते.

बोलावणे मालकापर्यंत का पोहोचत नाही?

कारखान्याचा निरोप विक्रीच्या वेळी नोंदलेल्या पत्त्यावर व दूरध्वनी क्रमांकावर जातो. गाडी मुलाने चालवावयाची, नोंदणी वडिलांच्या नावे, आणि दूरध्वनी क्रमांक खरेदीच्या वेळी सोबत आलेल्या पाहुण्याचा, अशी स्थिती ग्रामीण भागात विरळा नाही. गाडी दुसऱ्या हाती विकली गेली असेल, तर निरोप पहिल्या मालकाकडेच जाऊन पडतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत हस्तांतराची नोंद परिवहन कार्यालयाकडे करावी. हा कायद्याचाच दंडक आहे. त्याचबरोबर अधिकृत विक्रेत्याकडेही आपले नाव व दूरध्वनी क्रमांक नोंदवून घ्यावा.

निरोपाची वाट न पाहता स्वतः चौकशी करणे केव्हाही श्रेयस्कर. प्रत्येक गाडीस 17 अक्षरे व अंक मिळून झालेला सांगाडा क्रमांक असतो. तो नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. हा क्रमांक विक्रेत्यास दिल्यास किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर घातल्यास आपली गाडी बोलावलेल्या गाड्यांत आहे किंवा कसे, हे कळते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, वर्षातून निदान दोन वेळा, ही चौकशी करण्याचा परिपाठ ठेवावा.

बोलावणे आल्यावर पुढीलप्रमाणे वागावे. ऐन तोडणीच्या दिवसांत गाडी अडकून पडू नये म्हणून आधी वेळ ठरवून घ्यावी व आवश्यक भाग दुकानात उपलब्ध असल्याची खात्री करून घ्यावी. तथापि ब्रेक, सुकाणू अथवा इंधन यांच्याशी दोषाचा संबंध असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडीवर माल लादू नये. एका खेपेचे भाडे दुसऱ्या गाडीस द्यावे लागले तरी ते सोसावे. काम पूर्ण झाल्यावर कोणता भाग तपासला व कोणता बदलला, याची तारखेसह लेखी नोंद घ्यावी. गाडी पुढे विकताना हा कागद उपयोगी पडतो. दोषनिवारणासाठी पैसे मागितल्यास देण्याआधी कंपनीकडे खुलासा विचारावा, कारण अशी दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची प्रथा आहे. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक सेवेच्या 1915 या क्रमांकावर, अथवा आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरावयाच्या वस्तूस ही आडकाठी नाही. कर्जाचे हप्ते फेडून गाडी चालविणाऱ्या शेतकऱ्यास ही सवलत मोलाची आहे.

अस्तर कशासाठी?

हौद्याचा पत्रा रंगाच्या थराने सुरक्षित असतो. पंपाची कड, फावडे किंवा क्रेटची घसट यांनी तो थर एकदा खरवडला, म्हणजे उघड्या लोखंडाशी पाणी व हवा यांचा संबंध येऊन गंज धरतो. रासायनिक खतांतील क्षार, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड, ओलावा धरून ठेवतात व गंजाचा वेग वाढवितात. शेणखताच्या ओलीनेही तेच होते. हे टाळणे व मालास दणका बसू न देणे, असे अस्तराचे दुहेरी प्रयोजन आहे.

अस्तराचे प्रकार

*जाड लोखंडी पत्रा.* नक्षीदार उठावाचा, ज्यास चेकर प्लेट म्हणतात, असा हा पत्रा जड यंत्रे व दगडमाती यांस उत्तम. मात्र तो स्वतःही गंजतो, उन्हात तापतो, आणि त्यावर ठेवलेल्या फळास प्रत्येक खड्ड्याचा धक्का बसतो.

*ॲल्युमिनियमचा पत्रा.* वजनास हलका व न गंजणारा. परंतु ॲल्युमिनियम आणि लोखंड हे दोन धातू ओलसर जागी एकमेकांस चिकटून राहिले, तर त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन झीज होते. दोहोंमध्ये रबराचा किंवा रंगाचा थर असल्याशिवाय हा पत्रा बसवू नये.

*लाकडी फळ्या किंवा प्लायवुड.* जड वस्तूचा आघात लाकूड सोसते, आणि फळी मोडल्यास तेवढीच बदलता येते. दोष असा की, लाकूड पाणी, वास व सांडलेले औषध शोषून घेते. कीटकनाशक एकदा मुरले, की ते धुऊन निघत नाही. कीटकनाशकांचा खाद्यपदार्थांशी किंवा पशुखाद्याशी प्रत्यक्ष संपर्क येईल अशी वाहतूक करण्यास 1971 च्या कीटकनाशक नियमांनी मनाई आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

*रबरी चटई.* माल घसरत नाही, धक्का कमी बसतो, आणि चटई उचलून धुता येते. मिश्र मालाच्या शेतकऱ्यास हीच बहुधा सोयीची ठरते. मात्र आठवड्यातून एकदा ती उचलून खालचा पत्रा कोरडा करणे आवश्यक आहे. तेल व पेट्रोल यांनी साधे रबर फुगते. नव्या रबराचा वास गेल्यावाचून तिच्यावर भाजीपाला उघडा ठेवू नये.

*साच्यातील प्लास्टिकचे अस्तर.* हलके, गंजरहित व धुण्यास सोपे. परंतु ते गुळगुळीत असल्याने क्रेट सरकतात. त्याच्याखाली साचलेले पाणी व धूळ दिसत नाही आणि गाडीच्या थरथरीने पत्र्याचा रंग आतल्या आत घासून निघतो.

*फवाऱ्याने दिलेला थर.* पॉलियुरेथेन जातीचे हे द्रव्य पत्र्यास घट्ट चिकटते. मध्ये पोकळी राहत नसल्याने पाणी शिरत नाही. तथापि पत्रा पूर्ण स्वच्छ, कोरडा व गंजमुक्त असतानाच तो द्यावा लागतो, अन्यथा गंज झाकला जाऊन आत वाढत राहतो. म्हणून हा प्रकार नव्या गाडीसच अधिक मानवतो.

वजनाचा हिशेब

अस्तराचे वजन गाडीच्या मंजूर भारातून वजा होते, ही गोष्ट पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही. हौद्याचा तळ 2.5 मीटर लांब व 1.7 मीटर रुंद धरल्यास क्षेत्र 4.25 चौरस मीटर होते. तेवढ्यास 3 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घातल्यास त्याचे वजन सुमारे 100 किलो भरते. तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे 34 किलो, 12 मिलिमीटर प्लायवुड सुमारे 33 किलो, आणि 6 मिलिमीटर रबरी चटई 30 ते 38 किलो असते. म्हणजे लोखंडी पत्र्यामुळे प्रत्येक खेपेस 50 किलोची दोन कांद्याची पोती घरी राहतात. ती तशीच वर लादली, तर ब्रेक व पाटे यांवर ताण येतो. शिवाय मर्यादेबाहेर भार नेल्यास कलम 194 अन्वये 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

बसविताना घ्यावयाची काळजी

अस्तर बसविण्याची घाई करू नये. प्रथम सांगाडा क्रमांक देऊन बोलावण्याची चौकशी करावी व पहिली तपासणी होऊ द्यावी. हौद्याखालून ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी व विजेच्या तारा जातात. वरून आंधळेपणाने भोक पाडल्यास त्यांस इजा पोहोचते, आणि पुढे दोष उद्भवल्यास तो कारखान्याचा की कारागिराचा, असा वाद उपस्थित होतो. भोके पाडणे भागच असेल, तर खालून पाहून खुणा कराव्यात व उघड्या कडांस रंग द्यावा. विजेवरील सांधकाम करावयाचे असल्यास आधी बॅटरीची जोडणी काढावी, कारण हल्लीच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या प्रवाहाने निकामी होऊ शकते. हौद्यातील पाणी वाहून जाण्याची छिद्रे कोणत्याही अस्तराने बुजवू नयेत. फाळका सहज उघडतो व घट्ट बंद होतो, याचीही खात्री करावी.

आणखी एका धोक्याची जाणीव देणे आवश्यक आहे. फवारणी यंत्रासाठी किंवा पंपासाठी पेट्रोलचा डबा भरावयाचा असल्यास तो प्लास्टिकच्या अथवा रबराच्या अस्तरावर ठेवून कदापि भरू नये. इंधन वाहताना स्थिर विद्युत निर्माण होते. अस्तरामुळे तिला जमिनीत जाण्यास वाट मिळत नाही व ठिणगी पडून वाफ पेट घेऊ शकते. डबा गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि मगच भरावा.

निवड कशी करावी?

फळे, फुले व भाजीपाला हाच मुख्य माल असेल, तर रबरी चटई पुरेशी आहे. खते व शेणखत यांची ने-आण अधिक असेल, तर फवाऱ्याचा थर व त्यावर सुटी चटई हा मेळ चांगला. यंत्रे व लोखंड नेहमी न्यावयाचे असेल, तरच जाड पत्रा घालावा. तपकीर गल्लीतून वर्षाकाठी एखादा पंप आणावयाचा, एवढ्यासाठी 100 किलोचा पत्रा बारमाही वाहण्याचे कारण नाही. त्या दिवसापुरत्या दोन जाड फळ्या चटईवर टाकल्या व पंप दोरखंडाने आवळला, म्हणजे काम भागते. अस्तर कोणतेही असो, खतांची खेप झाल्यावर त्याच दिवशी हौदा पाण्याने धुऊन कोरडा करावा.

चांगल्या अस्तराने हौदा टिकतो आणि माल सुस्थितीत बाजारास पोहोचतो. परंतु हौद्याखालील नळी व बोल्ट यांची खातरजमा अस्तराच्या खर्चाआधी व्हावयास हवी. तिला पैसा पडत नाही. सांगाडा क्रमांक घेऊन विक्रेत्याकडे एकदा जावे लागते, इतकेच.