प्रवाळपेटीचा उघडा तळ



बेळगावहून हिंडलग्यावरून जाणारा रस्ता घाट उतरून वेंगुर्ल्यास समुद्राला भेटतो. तेथून थोडे उत्तरेस मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतील तांबडे पोवळे आठवते. पण ते मुख्यतः भूमध्य समुद्रातील, आणि मालवणचे प्रवाळ त्याहून निराळे.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. पिशवीच्या आकाराचे असंख्य चिमुकले प्राणी एकमेकांना चिकटून राहतात व आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचीत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानास पुरवते. म्हणून प्रवाळाला दोन गोष्टी हव्यात : उजेड आणि निर्मळ, वाहते पाणी. त्याला जागा सोडून जाता येत नाही. अंगावर गाळ बसला तर तो चिकट स्राव सोडून झटकतो. गाळ फारच झाला तर गुदमरतो.

असा जीव काचेच्या पेटीत जगवणे फार काळ दुष्कर मानले जाई. जकार्ताचे ली चिन इंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे व उजेड यांवर त्यांच्या पेट्या चालत. खडकावरील सूक्ष्म जंतूच पाणी शुद्ध करतात, हे त्यामागील मर्म होय.

मग पेटीच्या तळाचे काय करावे? वाळू पसरली तर शोभा येते; परंतु उरलेले अन्न व माशांची विष्ठा तिच्यात दडते व कुजते. त्यातून अमोनिया निघतो. जंतू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट साचले की हिरवे शेवाळ माजते आणि प्रवाळाला झाकून टाकते. वाळू ही शत्रू आहे असे मात्र नव्हे. तिच्या खोल थरातील जंतू नायट्रेटचा वायू करून टाकतात, आणि काही मासे वाळूतच निजतात. पण आत काय साचले ते डोळ्यांना दिसत नाही. उघड्या काचेवर काहीच लपत नाही, हा त्या तळाचा मोठा गुण.

दोनशे लिटरची पेटी धरू. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने तिला सात किलो समुद्री मीठ लागेल. ते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. पाणी नळाचे न घेता गाळण-यंत्रातून शुद्ध केलेले घ्यावे. खडक थेट काचेवर न टेकता प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यावर, खालून पाणी खेळेल असे रचावेत. पंपांनी पाणी ताशी निदान वीस वेळा, म्हणजे चार हजार लिटर, फिरवावे. वाळू नसल्याने जोराच्या प्रवाहाने धुरळा उडत नाही आणि मळ एका कोपऱ्यात गोळा होतो. तो दर आठवड्यास नळीने ओढून काढावा व तेवढे, सुमारे वीस लिटर, नवे खारे पाणी घालावे. फेसाबरोबर मळ वेगळा करणारे यंत्र जोडल्यास काम हलके होते. उष्णतामान २५ अंशांच्या आसपास असावे. वाफ होऊन पाणी उणे झाले तर गोडेच पाणी घालावे, कारण मीठ मागेच राहते. पहिले चार ते सहा आठवडे पेटीत जंतूंखेरीज कोणी राहू नये. आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर पंप चालण्याची सोय आधीच करावी. प्रवाह थांबला की पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पेटी सजवण्यासाठी मालवणचा प्रवाळ उचलून आणता येत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून पाषाण-प्रवाळांचा समावेश आहे. वाघाच्या रांगेत बसवलेला हा जीव आहे. त्याचा वाळलेला तुकडाही खिशात घालू नये. बाजारात कोणी प्रवाळ विकत असेल तर कायदेशीर कागदपत्रांवाचून तो घेऊ नये.

ज्याच्या घरी ही पेटी कधीच येणार नाही, त्यालाही तिच्यापासून एक गोष्ट कळते. पेटीतला गाळ आपण नळीने काढतो. समुद्रातला गाळ काढावयास कोणी नसतो. होडीचा नांगर प्रवाळावर पडला, हौशी पोहणारा त्याच्यावर उभा राहिला, की सांगाडा मोडतो आणि उडालेला गाळ शेजारच्या जिवांवर बसतो. सुटीत मुलांना घेऊन मालवणला जाल, तेव्हा पाय टेकण्यापूर्वी खाली पाहावे आणि नांगर वाळूतच टाकण्यास होडीवाल्यास सांगावे.