पांदण रस्ता मागायचा कसा? एका ग्रामसंघाचा अनुभव



बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, रजिस्टर बंद झालं, की मग बैठकीत खरा विषय निघतो. पावसाळ्यात तो बहुतेक वेळा पांदणीचा असतो. "ताई, आमच्या पांदणीचं काही करता येते का?" दोन वर्षांपूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता अर्धं आहे, ते इथे लिहिते. ज्या गावाचा अनुभव आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथलं एक प्रकरण अजून तहसीलमध्ये चालू आहे. गाव आपल्याच कापूसपट्ट्यातलं, काळ्या मातीचं.

जुलै लागला की त्या पांदणीत पाय घोट्याच्या वर रुततो. बाया चपला हातात घेऊन निंदणाला जातात. युरियाची बॅग ४५ किलोची. ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरच थांबतो, पुढे बॅग फोडून घमेल्यानं डोक्यावर न्यायची. कापूस वेचायला बाहेरगावच्या बाया यायला मागत नाहीत, आल्या तर किलोमागे जास्त मागतात, आणि त्यांचंही चूक नाही. २०२२ च्या पावसाळ्यात वावरात एकीला साप चावला. खाटेवर उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणायला पाऊण तास गेला. ती वाचली. पण त्या आठवड्याच्या बैठकीत रजिस्टर उघडलंच नाही, सगळा वेळ पांदणीवर गेला.

आम्ही काय केलं? मी नवीन होते, शिकून आलेली होते, उत्साह भरपूर. एक छान अर्ज लिहिला, एकेचाळीस बायांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नेऊन दिला. सरपंच भाऊंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "यात पांदणीला लागून वावर कोणाकोणाचं आहे?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग मागून एक काकू उभ्या राहिल्या. आपल्याच समूहातल्या, दहा वर्षं नियमित बचत करणाऱ्या. म्हणाल्या, "रस्ता तुमचा होईन, पण तासं माह्या वावरातले जाईन. मले कोणी इचारलं का?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. ज्यांना रस्ता हवा त्यांच्याच दारी मी गेले होते. ज्यांच्या धुऱ्यावरून तो जाणार त्यांच्या दारी गेलेच नव्हते, विरोध होईल या भीतीनं. त्या दिवशी अर्ज तसाच राहिला, आणि मी एस.टी.नं परत येताना कोणाशी बोलले नाही.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी कागद पाहिले.

पांदण म्हणजे कोणाची जमीन, हा पहिला प्रश्न. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल मिळते. त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते. शिवाय विदर्भातल्या गावांसाठी दोन जुने कागद आहेत, ते फार कमी जणींना माहीत असतात. एक निस्तार पत्रक, त्यात गावाच्या सामाईक जागा आणि त्यांचा वापर लिहिलेला असतो. दुसरा वाजिब-उल-अर्ज, त्यात वहिवाटीचे हक्क असतात, म्हणजे वाट, पाणी, मासेमारी असे. नाव ऐकून घाबरू नका, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्हींची तरतूद आहे. तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये लेखी मागणी करायची, आणि मागणीची पोच घ्यायची. आम्हाला नकाशा लवकर मिळाला. दुसरे कागद शोधायला तीन चकरा झाल्या, दोनदा "साहेब मीटिंगला गेले" हेच ऐकलं.

नकाशात आमची पांदण स्पष्ट होती. दोन तुटक रेषा, डांबरी रस्त्यापासून नाल्यापर्यंत. म्हणजे रस्ता नव्यानं मागायचाच नव्हता. होता तो हरवला होता. कसा हरवला हे जुन्या आजींना विचारा. दर वर्षी नांगरताना एका बाजूनं एक तास आत, दुसऱ्या बाजूनं अर्धा. कोणी एकानं गिळली असं नाही. तीस-चाळीस वर्षांत दोन बैलगाड्यांची वाट एका बैलाची राहिली.

दिवाळीनंतर शिवारफेरी काढली. बारा बाया, सरपंच भाऊ, ग्रामरोजगार सेवक, एक दोरी आणि चुना. ज्या काकूंनी प्रश्न विचारला होता त्यांना आधी घरी जाऊन सांगितलं, की तुम्ही पुढे चला. जागेवर गेल्यावर जे दिसलं त्यानं वाद बराच निवला. काकूंच्या बाजूनं अतिक्रमण कमी होतं, समोरच्या बाजूनं जास्त. आतापर्यंत सगळे म्हणत होते की दोन्हीकडून सारखं सोडा, आणि म्हणूनच काकू चिडल्या होत्या. (पक्क्या हद्दीसाठी सरकारी मोजणीच लागते, दोरी चालत नाही. पण भांडण कशाचं आहे ते दोरीनं कळतं.)

काकूंच्या अटी मी लिहून घेतल्या. कापूस आणि तूर निघेपर्यंत हात लावायचा नाही. नालीची खोदलेली काळी माती त्यांच्याच वावरात टाकायची. रस्ता उंच झाला की वावरात पाणी साचेल, म्हणून पाण्याच्या वाटेवर पाईप मोरी हवी. आणि बैलगाडी वावरात उतरायला उतार. चारही अटी रास्त होत्या. शेवटच्या दोन तर इंजिनिअरनंही आधी सांगितल्या नव्हत्या.

संमतीपत्रांच्या वेळी मात्र एक गोष्ट बोचली. पांदणीला लागून सतरा खातेदार. त्यात बायांची नावं दोन, आणि दोघी विधवा. रोज त्या वाटेनं डोक्यावर ओझं नेणाऱ्या बायांची सही कागदाला चालत नाही, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर. काकूंच्या अटी आम्ही मान्य केल्या, सही काकांनी केली. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. या निमित्तानं त्या गावात चार अर्ज गेले. मी म्हणेन तो पांदणीइतकाच मोठा फायदा आहे.

मग ठराव. लक्षात ठेवा, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती फक्त सह्यांची होते. आमची महिला सभा खरी झाली, आणि तिथे मागणी लिहून घेतली. तीच मागणी ग्रामसंघानं आपल्या गरिबी निर्मूलन आराखड्यातही टाकली. तो आराखडा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जायला हवा असतो, फायलीत ठेवायला नाही. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला. ठरावात "पांदण रस्ता करणे" एवढंच लिहू देऊ नका. कुठून कुठपर्यंत, कोणत्या गटांच्या मधून, मोरी किती, हे सगळं यायला पाहिजे. आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

पैसा कुठून येतो? शेत आणि पांदण रस्त्यांसाठी राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयानं. ती रोजगार हमीला जोडलेली आहे. रोजगार हमीत मजुरीवर किमान ६० टक्के आणि साहित्यावर जास्तीत जास्त ४० टक्के असं प्रमाण पाळावं लागतं. मजुरीचा तो अकुशल खर्च, आणि मुरूम, खडी, पाईप हा कुशल खर्च. रस्त्याच्या कामात साहित्य जास्त लागतं, म्हणून पंचायतीला बाकी मजुरीची कामंही काढावी लागतात. हे समजलं की "निधी नाही" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो, की या वर्षी पंचायतीनं मजुरीची कामं किती काढली?

इथे मशीनचा वाद झाला. काही जणांचं म्हणणं, जेसीबी लावा, चार दिवसांत मोकळे. बायांचं म्हणणं, मग आमची मजुरी कुठे? मला विचाराल तर दोघांचं थोडं थोडं बरोबर होतं. मातीकाम आणि नाली हातानं नीट होते. पण काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर नुसता मुरूम टाकून पायानं दाबला तर पहिल्याच पावसात खाली जातो. रोलर लागतोच. शेवटी माती आणि नाली मजुरांनी, दबाई रोलरनं असं ठरलं.

काम मागताना तोंडी मागू नका. नमुना ४ भरायचा आणि तारखेची पोचपावती घ्यायची. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता मागता येतो, पण पावती नसेल तर काही मागता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात काम सुरू झालं. २०२३-२४ ची मजुरी दिवसाला २७३ रुपये. समूहातलीच एक ताई मेट होती. त्या वर्षीपासून हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. वावरात रेंज नाही, तर ती ताई फोन हातात घेऊन टेकाडावर चढायची. दोन दिवसांची हजेरी तरी बुडालीच, आणि त्याचे पैसे मिळवायला तालुक्याला दोन चकरा. तेव्हापासून तिनं कागदाच्या वहीत वेगळी हजेरी ठेवली, सगळ्यांच्या सहीनिशी. तुम्हीही ठेवा. पाच किंवा जास्त लहान मुलं कामावर येत असतील तर ती सांभाळायला एक बाई ठेवायची, तिलाही मजुरी मिळते. पाणी, सावली, औषधाची पेटी हे तर मागायलाही लागू नये, तरी मागावं लागलं.

आता न झालेलं सांगते. नाल्याकडचा शेवटचा तुकडा, अंदाजे दोनशे मीटर, राहिला. तिथे दोन भावांचं जुनं भांडण आहे, आणि एका भावानं काट्या टाकून वाट बंद केली. आम्ही घरी गेलो, दोन्ही जावांशी बोललो. एक जाऊ रडली, म्हणाली, "मले पण तिथूनच जा लागते." पण काट्या निघाल्या नाहीत.

अशा वेळी ग्रामपंचायत समजावू शकते, वाट मोकळी करण्याचा हुकूम तहसीलदारांचा. दोन वेगळे कायदे आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. वाट आधीपासून आहे आणि कोणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करायचा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत चुकली की पुढे फार जड जातं. आणि वावराला जायला वाटच नाही, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागायची. तो अर्ज जमीनधारकानं स्वतः करायचा असतो, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर चालत नाही. दोन्हींत समोरच्याला नोटीस जाते, जागेची पाहणी होते, मग आदेश. आमच्याकडे वाट नकाशात होती आणि अडवून तीनच महिने झाले होते, म्हणून पहिला कायदा. दावा पलीकडच्या दोन खातेदारांनी केला, त्यातली एक त्या दोन विधवांपैकी. नकाशाची नक्कल, ठराव, आणि शिवारफेरीचे फोटो जोडले.

दावा करावा की नाही यावर ग्रामसंघात दोन बैठका गेल्या. काही जणींना वाटत होतं की गावातल्या गावात केस केली तर ती जाऊ समूहात येणं बंद करेल. ती भीती खोटी नव्हती, दोन महिने ती आली नाही. आता येते. बचत देते, बोलत फार नाही. आपण तिच्याशी पांदणीचा विषय काढायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं आहे.

या पावसाळ्यात डांबरी रस्त्यापासून काकूंच्या वावराच्या पुढेपर्यंत ट्रॅक्टर गेला. त्यांची मोरी चालली, पाणी साचलं नाही. एका ठिकाणी मुरूम दबला आहे, तिथे खड्डा आहे, दुरुस्तीची मागणी पुढच्या महिला सभेत घेतली आहे. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अजून चपला हातात घ्याव्या लागतात. सुनावणीची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तालुक्याला जायला सहा जणी तयार आहेत, पण वेचणीचे दिवस आहेत, त्यामुळे कोण जाणार ते शनिवारच्या बैठकीत ठरेल.