गळ्याभोवतीचा शब्द : कॉलर

आपल्या दुकानांत मालाबरोबर शब्दही येतात, आणि काही शब्द जुन्या गिऱ्हाइकांप्रमाणे कायमचे होऊन बसतात. ‘कॉलर’ हा त्यांपैकीच एक होय. कापडाचा व्यापारी, शिंपी, यंत्रांचे सुटे भाग विकणारा, शेअरदलाल, यांपैकी प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द आहे. मात्र प्रत्येकाचा अर्थ निराळा. एकच शब्द इतक्या पेढ्यांवर कसा नांदतो, हे सभासदांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कोल्लुम’ म्हणजे मान, आणि ‘कोल्लारे’ म्हणजे मानेभोवतीचा पट्टा. फ्रेंच भाषेच्या वाटेने तो इंग्रजीत आला. पोर्तुगीज भाषेत त्याच कुळातील ‘कोलार’ म्हणजे गळ्यातील हार, हे गोमंतकातील जुन्या मंडळींस सांगावयास नको. गौरव या अर्थाचा इंग्रजी ‘ॲकोलेड’ हा शब्दही याच घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ गळामिठी. आपली मराठीही गळ्याच्या बाबतीत कृपण नाही. लाडके मूल गळ्यातला ताईत असते, नकोसे काम गळ्यात पडते, वाईट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो आणि स्पर्धा गळेकापू होते. शेवटचे दोन प्रयोग बाजारातले आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. जेथे अलंकार बसतो, तेथेच फासही बसतो. कॉलर शब्दाचा सारा इतिहास या दोहोंमध्ये फिरतो.

प्रथम मुक्या प्राण्यांची कॉलर पाहू. घोड्याच्या गळ्यास नुसता पट्टा बांधून गाडी ओढावयास लावली, तर ओझ्याबरोबर पट्टा श्वासनलिकेवर दाबतो. म्हणून आत भरण घातलेली जाड कॉलर प्रचारात आली. ती खांद्यांवर टेकते, त्यामुळे घोड्याचा श्वास मोकळा राहतो आणि तो अधिक भार ओढू शकतो. आपल्याकडील बैलास वशिंड असल्याने त्याच्या मानेवर जू बसते, आणि शिवळा व जोते त्यास जागेवर ठेवतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणारी खांदेमळणी म्हणजे वर्षभर जू वाहणाऱ्या त्या खांद्याची आठवणच होय. आपल्या शास्त्रकारांनी अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत बंध, अतिभारारोपण आणि अन्नपाण्याचा निरोध हे तिन्ही येतात. ज्याच्या दारी जनावर आहे, अथवा ज्याचा माल जनावर ओढते, त्याने पट्टा किती आवळला आणि गाडीत किती पोती चढविली हे स्वतः पाहावे, असा याचा व्यवहारी अर्थ आहे.

कारखान्यातील कॉलर ही दांड्यावर बसविलेली लोखंडी कडी होय. बेळगावच्या उद्यमबागेत काम करणाऱ्यांस तिचा परिचय आहेच. दांडा फिरत असताना त्यावरील कप्पी वा बेअरिंग बाजूस सरकू नये, एवढेच तिचे काम. पूर्वी ही कडी आवळणाऱ्या स्क्रूचे डोके बाहेर राही. त्यात कामगाराचे धोतर वा बाही अडकून अपघात होत. पुढे खोलगट डोक्याचा, आतून आवळण्याचा स्क्रू आला, आणि ‘ॲलन की’ हा शब्दही आपल्या दुकानांत आला.

आता सदऱ्याची कॉलर. आपल्या बाराबंदीस वा अंगरख्यास अशी कॉलर नव्हती. बंद बांधले की काम भागे. शिवलेली, दुमडलेली कॉलर पाश्चात्त्य सदऱ्याबरोबर आली. कापडाच्या दोन थरांमध्ये बकरम घालून ती ताठ करावी लागते. घाम आणि घर्षण यांमुळे सदऱ्यात सर्वांत आधी तीच मळते व विरते; म्हणून काटकसरी घरांतून कॉलर उसवून, उलटून पुन्हा शिवण्याची रीत होती. याच अडचणीतून अमेरिकेत सुटी कॉलर निघाली. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या हॅना मॉन्टेग्यू यांनी १८२७ साली ती प्रथम केली, असे मानतात. नवऱ्याचा सगळा सदरा रोज धुण्याऐवजी कॉलरच काढून धुवावी, इतकीच त्यांची युक्ती. त्यावर एक उद्योग उभा राहिला आणि ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडले. तेथील एका कॉलर-कंपनीतील सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची कृती शोधली. १९३० साली तिचे पेटंट मिळाले. मिलच्या कापडावरील ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का जुन्या कापडवाल्यांस आठवत असेल. तो त्यांच्याच नावावरून आला.

परंतु त्या शुभ्र कॉलरमागे उकळते पाणी, खळ आणि तापलेल्या इस्त्र्या यांत राबणाऱ्या स्त्रिया होत्या. १८६४ साली केट मुलॅनी यांच्या पुढाकाराने ट्रॉयच्या धुलाईकामगार स्त्रियांनी संघटना केली आणि संप करून मजुरी वाढवून घेतली. एकाची कॉलर पांढरी राहावी म्हणून दुसऱ्याचे हात भाजतात, हा हिशेब कोणत्याही धंद्यात मांडून पाहण्यासारखा आहे.

कॉलरच्या रंगावरून पुढे माणसांची प्रतवारी झाली. कचेरीतला तो ‘व्हाइट कॉलर’, यंत्रावरचा तो ‘ब्ल्यू कॉलर’. मराठीत ‘पांढरपेशा’ शब्द होताच. कोकणच्या जुन्या महसुली व्यवहारात तर पांढरपेशांना सारा कमी असे. मात्र पांढऱ्या वस्त्राबरोबर सचोटी आपोआप येत नाही. एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञांनी १९३९ साली फिलाडेल्फिया येथील अध्यक्षीय भाषणात ‘व्हाइट कॉलर गुन्हा’ ही संज्ञा मांडली, आणि १९४९ च्या ग्रंथात सत्तर मोठ्या कंपन्यांचे व्यवहार तपासले. प्रतिष्ठित माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा आशय आहे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितले ते याच्या अनेक शतके आधी. चोरीस उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, घेण्या-देण्याची मापे वेगळी ठेवणे आणि अस्सलात नक्कल मिसळणे, हे ते पाच होत. यांतील एकही दोष केवळ दरोडेखोराचा नाही. बहुतेक गादीवर बसूनच होतात.

राहिली शेअरबाजारातील कॉलर. समजा, एकाजवळ १,००० रुपये भावाचे शेअर आहेत. भाव पडेल ही धास्ती आहे, पण शेअर विकावयाचे नाहीत. तो ९५० रुपयांस विकण्याचा हक्क पैसे देऊन घेतो, आणि त्याच मुदतीचा, १,०८० रुपयांस ते शेअर घेण्याचा हक्क दुसऱ्यास विकतो. दुसऱ्या हक्काच्या पैशातून पहिल्याचा खर्च बहुतांशी निघतो. मुदतीअखेर भाव ७०० झाला तरी त्यास ९५० मिळतात. १,३०० झाला तरी १,०८० वरच समाधान मानावे लागते. तोट्यास बांध घालावयाचा, तर लाभासही बांध स्वीकारावा, असा हा सौदा आहे. परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक वरची मर्यादा कोणत्याही मोबदल्यावाचून स्वतःच आखून घेतो.

तात्पर्य, जनावराची असो, यंत्राची असो वा सदऱ्याची, कॉलर कोणाच्या गळ्यात आहे आणि तिचा भार कोठे पडतो, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. नव्या वर्षाच्या वह्या उघडताना आपल्या मापाखाली, आपल्या मजुरीखाली आणि आपल्या भावाखाली कोणाचा गळा आवळला जात नाही ना, हे प्रत्येक सभासदाने तपासावे, अशी आमची नम्र विनंती आहे. तसे असेल, तर कॉलर ताठ करण्यास कोणाचीच हरकत नाही.