दोन्ही चांगली, पण एकत्र नकोत!

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला एक मैत्रीण तोंडाला पदर लावूनच आली. गाल लालबुंद, सालपटं निघालेली. पुतणीचं लग्न जवळ आलेलं, म्हणून बाईसाहेबांनी रात्री ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावलं, त्यावर लगेच रेटिनॉलचं क्रीम आणि सकाळी लिंबू-बेसन! “ताई, सगळं चांगलंच आहे ना हो?” डोळ्यांत पाणी आणून तिने विचारलं.

चांगलं आहे, पण एकत्र नाही. ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसातही असतं. ते त्वचेवरच्या मृत पेशी सुट्या करतं. रेटिनॉल नव्या पेशी भराभर वर आणतं. दोन्ही एकाच रात्री म्हणजे घासलेल्या भांड्यावर पुन्हा तारेची घासणी!

मग जोडी कशाशी जमवायची? साधं मॉइश्चरायझर उत्तम. नायसिनामाइडही बहुतेकींना चालतं. रेटिनॉल वेगळ्या रात्री, गरोदरपणात तर नकोच. स्क्रब, लिंबू, मुरुमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड त्याच वेळी लावू नका. सुरुवात 5 टक्क्यांच्या अ‍ॅसिडने, आठवड्यातून एकदा-दोनदा, तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहून. अ‍ॅसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून दिवसा किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन हवंच.

मैत्रिणीला डॉक्टरांनी सगळं बंद करून नुसतं मॉइश्चरायझर दिलं. “लग्नाला जातच नाही,” म्हणणारी ती अखेर गेली. गालावर थोडे डाग होते, पण पदर खांद्यावर होता. मैत्रिणींनो, चेहरा आपलाच आहे, त्याच्यावर प्रयोगशाळा कशाला?