फळ्यावर इंग्रजी, समजावणं मराठीत

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याच्या परिसरातला नववीचा सेमी इंग्रजीचा वर्ग. भूमितीचा तास. सरांनी लंबदुभाजकाचं प्रमेय फळ्यावर इंग्रजीत लिहिलं आणि खडू ठेवून मराठीत विचारलं, "या रेषेवरचा कुठलाही बिंदू घ्या. दोन्ही टोकांपासून किती लांब?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सारखाच की सर." मग सिद्धता सुरू झाली. 'गिव्हन', 'टू प्रूव्ह' हे इंग्रजीत, आणि दोन ओळींच्या मधलं 'का' मात्र मराठीत. पोरांना प्रमेय कळतं ते त्या मधल्या जागेत. पेपरात ती जागा कोरी असते.

सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. पालक हा वर्ग निवडतात तो अकरावीकडे बघून. तिथे विज्ञान शाखेची पुस्तकं इंग्रजीतच असतात. हिशेब चुकीचा नाही; पण निम्म्या पालकांना पुढचा हिशेब कुणी सांगितलेलाच नसतो. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून देता येतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत. अभियांत्रिकीच्या गटात 200 पैकी 100 गुण गणिताचे. म्हणजे अर्ज मराठीचा भरला तरी अर्धा पेपर इंग्रजीच. पॉलिटेक्निकला 2021-22 पासून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आला, हेही गावात फारसं पोचलेलं दिसत नाही. दहावीच्या मुलांसाठी 2016 पासून काही वर्षं कलचाचणी झाली. तिने कल सांगितला, परीक्षेची भाषा कोण सांगणार?

मराठवाड्याला हे नवं नाही म्हणा. 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून मिळे. घरी मराठी आणि पुस्तकात दुसरीच भाषा, हे आमच्या आजोबांच्या पिढीनं निमूटपणे पार पाडलं. त्यातले किती गळाले, हे कुणी मोजलं नाही एवढंच.

वर्गात मला खटकलं ते वेगळंच. विचारल्यावर मुलं मराठीत नेमकं सांगतात. तेच इंग्रजीत लिहायला लावलं की पाठ केलेली ओळ येते. आकृतीतली अक्षरं बदलली की ओळ अडते. म्हणून सरांनी एक रीत लावली आहे: आधी मराठीत तोंडी कारण, मग जोडीदारानं त्याचं इंग्रजी वाक्य करायचं, आणि मग तिसऱ्यानं फळ्यावर लिहायचं. वेळ खातं. अभ्यासक्रम मागे राहतो, मुख्याध्यापकांची भुवई चढते. तरी माझ्या मते सेमीचं खरं शिक्षण हेच आहे. नुसत्या इंग्रजी संज्ञा घोकून घेणं म्हणजे पाटी बदलणं.

बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. त्यामुळे सेलू-जिंतूरच्या कॉलेजात जाणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते तिथल्या इंग्रजीपुढे पहिल्या सहामाहीत टिकणं.

घरात कुणी नीटची तयारी करत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: मराठी निवडली तर प्रश्नपुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजीही असते, भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. भाषा अर्ज भरतानाच ठरवावी लागते. तेव्हा नेट कॅफेवाल्यावर सोडू नका, मुलाला शेजारी बसवून भरा.